चपलांच्या खोक्यातली द्वारका

शाहूपुरीत थंडी आधी नाकाला कळायची, अंगाला नंतर. दिवाळीचे कंदील उतरवून माळ्यावर टाकले की आठ-पंधरा दिवसांत सकाळच्या वाऱ्यावर उकळत्या रसाचा आणि जळक्या चिपाडाचा गोड-करपट वास यायचा. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपुढनं म्हणायच्या, "लागली बघ गुऱ्हाळं." मग गुढीपाडव्यापर्यंत तो वास घरातलाच होऊन राहायचा. वाळत घातलेल्या लुगड्यांत, पोरांच्या केसांत, पुस्तकांच्या पानांत. आता गुऱ्हाळं कमी झाली. तरी परवा सकाळी दार उघडलं आणि नदीकडनं तो वास आला. एवढासाच. मी कडीला हात लावून तशीच उभी राहिले. लोकांना त्या वासानं गूळ आठवतो, काकवी आठवते. मला आठवला चपलांचा खोका.

आणि योग बघा कसा, आत टेबलावर माझी भाची मधुरा, नणंदेची लेक, संगणक उघडून बसलेली. तिचाही प्रबंध चाललाय. मला म्हणाली, "मामी, हे बघ ना. ह्या चौकटीत एक शब्द टाकला की कुठकुठली ग्रंथालयं एकदम शोधून देतं. एका जागी बसून."

"बरं हाय की," मी म्हटलं. "आम्हीबी हेच केलं होतं. फक्त चालत."

तिला वाटलं मामी गंमत करते.

साल नेमकं सांगत नाही, सत्तरच्या पुढंमागं धरा. माझं लग्न होऊन सहा-सात वर्षं झालेली. मी आजऱ्याकडची, शेतकऱ्याची लेक, सातवी पास. सासर शहरातलं, कारकुनी करणारं, शब्द जपून वापरणारं. नणंद वत्सला माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण मानानं मोठी, म्हणून मी तिला वन्सं म्हणायची आणि ती मला वहिनी. माझं सातवीच्या पुढचं सगळं शिक्षण तिच्या पुस्तकांवर झालं. ती मोठ्यानं वाचायची, मी भाकरी थापायची. कुठं अडलं की मी विचारायची आणि तिलाही येत नसलं की दोघी हसायचो.

माझी आई सुईण होती. तिकडच्या वाड्यावस्त्यांवरची दोन पिढ्यांची माणसं तिच्या हातात पडलेली. तिला सही येत नव्हती, पण बाईच्या पोटावर हात ठेवून मूल आडवं आहे का उभं हे ती सांगायची. आमच्या गुऱ्हाळावर गुळव्या यायचा ना, तोही तसाच. काहिलीतल्या उकळत्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटानं चोळायचा आणि म्हणायचा, "उतरवा." का उतरवा ते विचारलं तर नुसता बघायचा. ही असली विद्या कुठल्या कागदावर असते? मी हे वन्संला सांगत असायची. एक दिवस ती वाचायचं थांबून म्हणाली, "वहिनी, मी हेच लिहिते. ह्या बायकांना काय काय येत होतं ते."

एम.ए. झाल्यावर तिला प्रबंध करायचाच होता. ती आनंदानं विषय घेऊन सरांकडं गेली आणि तासाभरात परत आली. त्या दिवशी ती जेवली नाही. मी विचारलं, "काय म्हणाले नेमकं?"

"म्हणाले, संदर्भ कुठं आहेत? सुईणी लिहितात का? त्यांच्यावर कुणी लिहिलंय का? पाडव्यापर्यंत यादी आणा, नाहीतर विषय बदला."

सासरे पडवीतनं ऐकत होते. म्हणाले, "विषय बदलायचा असला तर मग बस्स झालं शिक्षण. स्थळं सांगून येताहेत."

वन्सं मला हळूच म्हणाली, "वहिनी, ते असंही म्हणाले, उल्लेख नाही म्हणजे विषय नाही."

ते मात्र मला झोंबलं. माझ्या आईनं हातात घेतलेलं एक पोर तेव्हा तालुक्याच्या कचेरीत साहेब होतं. त्याच्या नावाची पाटी दारावर होती. म्हणजे त्याचा उल्लेख होता, आणि ज्या हातांनी त्याला उलटं धरून रडवलं त्यांचा नव्हता. मी पदर खोचला आणि म्हटलं, "यादी मी आणतो."

आमच्याकडं बायका असंच बोलतात, येतो, जातो, आणतो. पुण्याकडची माणसं हसतात. हसू देत.

वन्सं तेव्हा एका शाळेत शिकवायची; ती शाळा सुटायची तोवर ग्रंथालयं बंद व्हायच्या बेताला यायची, म्हणून हिंडायचं काम माझ्याकडं आलं. दुपारची भांडी घासायची, धाकट्याला आत्याबाईंच्या मांडीवर द्यायचं आणि भाजीची पिशवी घेऊन निघायचं. चार ठिकाणं होती. गावातलं जुनं वाचनालय. वन्संच्या कॉलेजचं ग्रंथालय, तिच्या चिठ्ठीवर मला आत घ्यायचे. एका वैद्यांच्या दवाखान्यामागची खोली. आणि बायकांच्या एका मंडळाचं कपाट. चार घरं आणि चार तऱ्हा. वाचनालयात लांबट खणांत पुठ्ठ्याचे पत्ते, दर पुस्तकाला एक, लेखकाच्या आडनावानं लावलेले, मधनं सळई ओवलेली. कॉलेजात तसेच पत्ते, पण विषयानं आणि आकड्यांनी. वैद्यांकडं एक जाडजूड वही, पुस्तक ज्या दिवशी घरात आलं त्या क्रमानं नोंदलेलं. आणि मंडळाच्या कपाटाला यादीच नाही, नुसतं कुलूप.

वाचनालयातले दत्तूमामा, म्हणजे तिथले शिपाई, पहिल्याच दिवशी आडवे आले.

"सभासद हायसा का, पावणं?"

"न्हाय."

"मग खणाला हात लावायचा न्हाय."

"मी पुस्तक कुठं नेतो, मामा? नावं नेतो."

त्यांनी जरा विचार केला. "नावं न्यायची पावती न्हाय आमच्याकडं."

"मग कशी अडवणार?"

तिसऱ्या दिवसापासनं ते माझ्यासाठी स्टूल आणून ठेवायला लागले. वर मोठ्यानं म्हणायचे, "या, आज कुठला खण उपसायचा?" वाचत बसलेली माणसं वर्तमानपत्रं खाली करून बघायची. मी खण ओढायची आणि पत्ते चाळत राहायची. बोटांची टोकं काळी व्हायची, जुन्या पुठ्ठ्याचा वास, आणि खिडकीतनं तो गुळाचा.

सुरुवातीला मी नुसतं सुईण शोधत होते. एकाही ठिकाणी ती सापडली नाही. सर म्हणाले तेच खरं की काय, असं मनात आलं, खोटं कशाला बोलू. मग तांदूळ निवडता निवडता मी वन्संला म्हटलं, "आपण आपल्या शब्दानं शोधतोय. ज्यांनी पत्ते लिहिले ती माणसं तिला काय म्हणत असतील?" तिनं पाटी घेतली. दाई. बाळंतपण. प्रसूती. सूतिका. गर्भिणी. बाळगुटी. स्त्रीआरोग्य. पाटी भरली तशी आम्ही उलटी करून लिहिलं. आणि दुसऱ्या दिवसापासनं बायका सापडायला लागल्या. एक गृहशिक्षणात होती. एक आरोग्यात. एकीला तर धर्मात घातलेलं, सोयरसुतकाच्या पुस्तकांशेजारी. अहो, त्या तिथंच होत्या, नाव सोडून कशाकशाखाली बसवलेल्या.

सापडलेलं टिपायला कागद हवा. घरात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता, त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूचे मी पत्ते कापले. पुढं कुणाचं तरी शुभमंगल, मागं बाळंतपणाचं पुस्तक. कुठलं पुस्तक कुठल्या ठिकाणी आहे हे कळावं म्हणून कोपऱ्यात ठिपके. वाचनालयाला कुंकू, वैद्यांना हळद, कॉलेजला कपड्यांची नीळ, आणि मंडळाचं कपाट कधी उघडलंच तर त्याला काजळ. एकच पुस्तक दोन ठिकाणी सापडलं तर नवा पत्ता करायचा नाही, जुन्यावर ठिपका वाढवायचा. खोका उघडला की एका नजरेत कुठलं पुस्तक कुठल्या घरी ते दिसायचं. मधुराचं यंत्र जे करतं ते हेच की. त्याला हळद लागत नाही, एवढंच.

खोका चपलांचा. आत्याबाईंनी तो बघितला आणि पोराला थोपटत म्हणाल्या, "चपलांच्या खोक्यात विद्या ठेवत्यात व्हय गं?"

"आत्याबाई, विद्या चालत आणली की. मग दुसरीकडं कुठं ठेवायची?"

त्यांनी तोंड फिरवलं, पण मी पाहिलं, हसत होत्या. त्याही काही कमी नव्हत्या. सासऱ्यांनी विचारलं की सून कुठं गेली, तर सांगायच्या, "कोथिंबीर मिळंना झालीय कुठं." त्या हंगामात आमच्या घरी कोथिंबीर फार कमी वेळा मिळाली.

एक चूक मात्र मी केली. ग्रंथालयवाले आडनावानं लावायचे. मी म्हटलं, बाईचं आडनाव काय तिचं असतं का? ते बापाचं, मग नवऱ्याचं. बाईचं स्वतःचं म्हणजे नाव. म्हणून मी माझ्या खोक्यात नावानं पत्ते लावले आणि स्वतःवर खूष झाले. उमा पुढं, द्वारका मध्ये, विठाबाई मागं. मोठी शहाणी.

त्यातल्या दोन पुस्तिका वन्संनं घरी आणल्या. एक वाचनालयातली, द्वारका नेर्लेकर हिची, पिवळी पडलेली. दुसरी कॉलेजातली, सौ. उमाबाई शिरगुप्पीकर यांची. रविवारी गच्चीवर उन्हात बसून तिनं वाचलं, मी शेंगा फोडत ऐकलं. द्वारकाबाईंनी बाळंतिणीच्या खोलीत काय काय साहित्य लागतं ते दिलेलं, आणि यादीत पहिलंच लिहिलेलं, 'आपले हात.' मग गरम पाणी, मग कापड, मग दोरा. मी हसले, आई असंच म्हणायची, आधी हात बघ. अर्ध्या तासानं वन्संनं दुसरी पुस्तिका उघडली. त्यातही यादी. त्यातही पहिलं, 'आपले हात.'

शेंगा माझ्या मुठीतच राहिल्या. "वन्सं, बाई एकच हाय."

"काहीतरीच काय. नाव वेगळं, आडनाव वेगळं."

"असू दे. बोलणं एक हाय."

"वहिनी, असं म्हणून सर ऐकायचे नाहीत. पुरावा लागतो."

तो कुठनं आणायचा? वैद्यांच्या वहीची शेवटची पानं चाळली तेव्हा आणखी एक नोंद सापडली, सुईणीसाठीच्या सूचनांची पुस्तिका, लेखकाच्या जागी नुसतं 'एक सुईण'. सगळ्या खोक्यात सुईण हा शब्द सरळ लिहिलेला तेवढ्या एकाच पत्त्यावर, आणि तिथं नाव नाही. पुस्तिका मागितली तर वैद्य म्हणाले, कुणी नेली ती परत आली नाही. वहीत नाव होतं, फळीवर भोक होतं. होळी होऊन गेली होती. गुऱ्हाळं एकेक विझायला लागली होती, वास पातळ झाला होता. पाडवा आठवड्यावर आला.

राहिलं होतं मंडळाचं कपाट. त्याची किल्ली आक्कांच्या कमरेला. आक्का म्हणजे मंडळाच्या सगळ्यांत जुन्या बाई, आवाज असा की समोरच्या गल्लीतलं माणूस वळून बघायचं. मी दोनदा जाऊन हात हलवत आले होते. तिसऱ्यांदा गेले.

"कपाट वर्सातनं एकदा उघडतंय," आक्का म्हणाल्या. "दसऱ्याला, सरस्वतीच्या पूजेला."

"का हो?"

"पुस्तकं जात्यात म्हणून."

"आणि वाचायला?"

"वाचाय कोण येतंय?"

"मी आलोय की."

"पूजेबिगर उघडायचं न्हाय म्हटलं नव्हं."

आता माझ्या पिशवीत ठिपक्यांसाठी हळदीकुंकवाच्या पुड्या कायमच असायच्या. मी त्या बाहेर काढल्या आणि कपाटापुढं फतकल मारली. "मग पूजाच करतो, आक्का. सरस्वतीला दसऱ्यापर्यंत उपाशी ठिवू नये." कुलपाला हळद लावली, कुंकू लावलं, हात जोडले.  मग किल्ली सोडताना आक्का म्हणाल्या, "कुठल्या गावची गं तू?"

"आजऱ्याकडची."

"तरीच."

खालच्या फळीवर, जुन्या मासिकांच्या मागं, ती पातळ पुस्तिका होती. पुठ्ठ्यावर एक सुईण. पहिलं पान उलटलं आणि तिथं निळ्या शाईत, वळणदार अक्षरात लिहिलेलं:

'हे मी लिहिले. छापताना नाव घालू दिले नाही. मंडळातल्या मुलींनी तरी ओळखावे. उमा शिरगुप्पीकर, माहेरची द्वारका नेर्लेकर.'

मी तिथंच फरशीवर बसून राहिले. आक्का म्हणाल्या, "काय झालं? झुरळ-बिरळ हाय काय?"

"न्हाय. माणूस हाय."

घरी येताना मला स्वतःचाच राग येत होता. माझं नाव हौसा. माहेरी हौसा, शाळेच्या हजेरीत हौसा. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं त्यात 'सुनंदा' असं लिहिलं, सगळ्यांनी वाचलं, गोड झालं, आणि संध्याकाळी त्याच तांदळाचा भात झाला. हौसा कुठं गेली ते कुणी विचारलं नाही. मीही नाही. एवढं स्वतःवरनं गेलेलं असताना मी म्हणते काय, तर बाईचं स्वतःचं म्हणजे नाव. आणि द्वारका नि उमा माझ्याच खोक्यात, चार बोटांच्या अंतरावर, एकमेकींना अनोळखी बसलेल्या. ग्रंथालयवाल्यांना काय बोल लावायचा?

त्या दिवशी तिन्ही पत्ते मी एका दोऱ्यात ओवले. कुठल्याही नावानं उचला, तिन्ही वर आले पाहिजेत. आणि निनावी पत्त्यावर काजळाचा ठिपका दिला. हळदीच्या शेजारी तो फार शोभला.

सरांकडं वन्सं एकटी जाणार होती. मी म्हटलं, खोका मी धरतो. दारापाशी उभी राहिले. सरांनी पत्ते चाळले. लग्नपत्रिका बघून भुवया वर गेल्या, पण हात थांबला नाही, हे मी टिपलं. दोऱ्यातल्या तिघींपाशी आल्यावर म्हणाले, "ह्या एकच कशावरून? कुठल्याच कॅटलॉगमध्ये तसं नाही."

आक्कांनी परत आणायच्या बोलीवर दिलेली ती पुस्तिका वन्संनं पुढं केली. सरांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं. "हे कुणीही लिहू शकतं."

 वन्संचे कान लाल झालेले मला मागनं दिसत होते. मग माझ्याच्यानं राहवलं नाही. "सर, कॅटलॉग कुणीतरी ऑफिसात बसून लिहिला, तो खरा. आणि बाईनं स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव लिहिलं, ते कुणाचंही? मग तुमच्या पुस्तकावर तुमचं नाव हाय, ते तरी कशावरून?"

वन्संनं डोळे मिटून घेतले. सरांनी माझ्याकडं बोट केलं. "ह्या कोण?"

"माझी वहिनी," वन्सं म्हणाली. डोळे उघडून, मान वर करून. "यादी त्यांनी केलीय. आणि मी विषय बदलणार नाही, सर. तुम्ही नाही म्हणालात तर दुसऱ्या कुणाकडं घेऊन जाईन, पण हाच."

पंखा फिरत होता, पत्त्यांचे कोपरे उडत होते. सरांनी तिघींवर पेपरवेट ठेवला.  मग म्हणाले, "अक्षर ताडून बघावं लागेल. ते कसं करायचं ते पहिल्या प्रकरणात लिहा." म्हणजे प्रकरणं होणार होती. बाहेर आल्यावर आम्ही दोघी कोपऱ्यापर्यंत चाललो आणि तिथं उभं राहून उसाचा रस प्यालो. मी दोन पेले.

प्रबंध झाला. चार वर्षं लागली, मधे फार काय काय झालं, ते सांगत बसत नाही. वन्संचं लग्नही झालं, तिच्या पसंतीनं. मांडवात तांदळाचं ताट आलं. नवरदेव भला माणूस, अंगठी घेऊन त्यानं त्याच्या आईनं सुचवलेलं नाव अर्धं लिहिलंही. वन्संनं तळहातानं ते तांदूळ सारखे केले आणि हळूच म्हणाली, "वत्सला लिहा. एवढं सोपं आहे."  आमच्या आत्याबाई पुढं झाल्या, म्हणाल्या, "लिवा की, जावईबापू. तांदूळ तेच हायत." त्यानं लिहिलं.

परवा मधुरानं त्या चौकटीत आईचं नाव टाकलं. सगळी पुस्तकं एकाखाली एक आली, एका नावाची, एकाच बाईची. वन्सं जाऊन आता तीन वर्षं झाली.  मग मी म्हटलं, "द्वारका नेर्लेकर टाक."

एक पुस्तिका आली. "उमाबाई टाक." दुसरी आली. "एक सुईण." तिसरी. तीन ठिकाणी, तीन बायका. एकीचा दुसरीशी संबंध नाही.

"मामी, आईनं प्रबंधात एवढं सिद्ध केलंय, आणि ह्यांनी..." मधुरा म्हणाली.

"ह्यांनी जुने पत्ते जसेच्या तसे आत ओतले असतील. त्या यंत्राची काय चूक? त्याला दोरा कुणी दिलाच न्हाय. कुणाला कळवता येतंय का बघ."

खाली एक जागा होती, चूक कळवायची. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. तिघी एकच आहेत. पुरावा अमुक प्रबंधात, अमुक प्रकरणात. तिघींना जोडावं, कुणालाही पुसू नये. शेवटी एक रकाना आला, कळवणाऱ्याचं नाव.

मी म्हटलं, "सुनंदा, माहेरची हौसा, असं लिही."

"एवढं नाही घेत ते, मामी. एकच नाव मावतं."

बाहेरनं पुन्हा तो वास आला, की मला वाटलं कोण जाणे. मी खुर्ची पुढं ओढली.

"मग हौसा लिही," मी म्हटलं. "सुनंदा सगळ्यांना माहीत हाय."